विश्लेषण : पाण्याची खोली सांगणारे लाखमोलाचे घड्याळ... नाशिककराने घ्यावे का?

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन या ‘एफ्टा’ देशांशी भारताने १० मार्च २०२४ रोजी केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. त्यामुळे महागड्या घड्याळांविषयीची उत्सुकता आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. दुसरीकडे मालवण, तारकर्ली, गोवा, अंदमान येथे स्कूबा डायव्हिंग करून आलेल्यांची संख्या नाशिकसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातही वाढते आहे. या दोन्ही आवडी जिथे एकत्र येतात ती वस्तू म्हणजे पाण्याची खोली दाखवणारे यांत्रिक डायव्ह वॉच. किंमत काही लाखांपासून थेट कित्येक लाखांपर्यंत. ते नेमके कसे चालते, पाण्याखाली त्याचा उपयोग किती आणि त्यावर एवढा खर्च करावा का, याचा आढावा.

साध्या घड्याळात आणि डायव्ह वॉचमध्ये फरक काय?

घड्याळाच्या मागे ‘३० मीटर’ किंवा ‘५० मीटर’ असे लिहिलेले असले म्हणजे ते घालून तेवढ्या खोलीवर जाता येते, हा सर्वात मोठा गैरसमज आहे. हे आकडे प्रयोगशाळेतील स्थिर दाबाच्या चाचणीचे असतात. ३० मीटरचे घड्याळ हात धुताना किंवा पावसात चालते. पोहण्यासाठी ते नसते.

डायव्हिंगच्या घड्याळांसाठी ‘आयएसओ ६४२५’ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार घड्याळ किमान १०० मीटरपर्यंतचा दाब सहन करणारे हवे आणि जेवढी खोली लिहिलेली आहे त्याच्या १२५ टक्के दाबाची चाचणी त्याने पार करायला हवी. म्हणजे २०० मीटरचे घड्याळ २५० मीटरच्या दाबाला तपासले जाते. अंधारात २५ सेंटीमीटरवरून वेळ वाचता येणे, खारे पाणी, धक्का आणि चुंबकत्व यांना तोंड देणे, तापमान एकदम बदलले तरी आत बाष्प न धरणे अशा अटीही त्यात आहेत. सर्वात महत्त्वाची अट आहे ती पाण्याखाली किती मिनिटे झाली हे मोजण्याच्या सोयीची. तबकडीभोवतीची फिरणारी कडी, म्हणजेच बेझल, ती सोय करते. ही कडी सहसा एकाच दिशेने फिरते. ती चुकून धक्क्याने सरकलीच, तर गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, कमी कधीच दिसत नाही. चूक झाली तरी ती सुरक्षिततेच्या बाजूने व्हावी, हा त्यामागचा विचार.

या घड्याळांची परंपरा १९५३ च्या सुमारास सुरू झाली. ब्लांपांचे ‘फिफ्टी फॅदम्स’ आणि रोलेक्सचे ‘सबमरीनर’ ही त्यातील दोन गाजलेली नावे. मात्र ही घड्याळे फक्त वेळ सांगत. खोली पाहण्यासाठी डायव्हरला वेगळे उपकरण बाळगावे लागे.

खोली मोजणाऱ्या घड्याळाशी भारताचा संबंध कसा?

एकेकाळी महाराष्ट्रात लग्नात जावयाला किंवा नोकरीतून निवृत्त होताना जी घड्याळे दिली जात, त्यात एचएमटीबरोबर हमखास असलेले नाव म्हणजे ‘फेवर ल्युबा’. १७३७ पासूनचा वारसा सांगणाऱ्या या स्विस कंपनीने एकोणिसाव्या शतकातच मुंबईत व्यापार सुरू केला होता. ‘सी किंग’, ‘सी चीफ’ ही तिची घड्याळे भारतात घरोघरी पोहोचली. याच कंपनीने १९६२ मध्ये ‘बिव्हुआक’ हे उंची आणि हवेचा दाब दाखवणारे मनगटी घड्याळ आणले. त्याच कल्पनेतून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘बॅथी’ तयार झाले. यांत्रिक पद्धतीने पाण्याची खोली दाखवणाऱ्या मनगटी घड्याळांचा आरंभ त्यापासून मानला जातो. ‘बॅथी ५०’मध्ये ५० मीटरपर्यंतची खोली दिसे, फुटांत मोजणाऱ्यांसाठी ‘बॅथी १६०’ होते.

पुढे क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत कंपनी मागे पडली. नोव्हेंबर २०११ मध्ये टाटा समूहातील टायटनने ‘फेवर ल्युबा’ हे नाव २० लाख युरोंना विकत घेतले. टायटनच्या काळात ‘रेडर बॅथी १२०’ हे १२० मीटरपर्यंत खोली दाखवणारे नवे घड्याळ आले. त्यानंतर हा ब्रँड ‘इथॉस’ या भारतीय घड्याळ विक्री कंपनीच्या समूहाकडे गेला आणि २०२४ मध्ये जिनिव्हा येथे त्याचे पुन्हा पदार्पण झाले. म्हणजे खोली मोजणाऱ्या घड्याळाचा वारसा सांगणारे नाव आज भारतीय मालकीचे आहे.

घड्याळ खोली ओळखते कसे?

घड्याळ प्रत्यक्षात खोली मोजत नाही, दाब मोजते. समुद्रात दर १० मीटरला सुमारे एक वातावरणाएवढा दाब वाढतो. पृष्ठभागावर हवेचा एक, १० मीटरवर दोन, ३० मीटरवर चार, असा हा हिशोब. दाब कळला की खोली कळते. त्यासाठी यांत्रिक घड्याळांत मुख्यतः दोन पद्धती वापरल्या जातात.

पहिली पद्धत लवचिक धातूच्या पडद्याची. बाहेरून पाण्याचा दाब पडला की हा पडदा केसभर आत दबतो. ती सूक्ष्म हालचाल तरफ आणि दातेरी चाकांनी मोठी करून काट्यापर्यंत नेली जाते. ‘बॅथी’, आयडब्ल्यूसीची ‘डीप टू’ व ‘डीप थ्री’ आणि ब्लांपांचे ‘एक्स फॅदम्स’ याच घराण्यातले. आयडब्ल्यूसीच्या ‘डीप टू’ आणि ‘डीप थ्री’मध्ये एक काटा चालू खोली दाखवतो, तर दुसरा गाठलेल्या सर्वाधिक खोलीवर थांबून राहतो. २०११ मधील ‘एक्स फॅदम्स’ ९० मीटरपर्यंत मोजते आणि पहिल्या १५ मीटरसाठी त्यात वेगळी, अधिक बारीक मोजपट्टी आहे. या यंत्रणेची किंमत मनगटालाही मोजावी लागते. या घड्याळाचा व्यास ५५ मिलिमीटरहून अधिक आहे.

दुसरी पद्धत अगदी सोपी. ओरिसने २०१३ मध्ये ‘अ‍ॅक्विस डेप्थ गेज’मध्ये ती वापरली. घड्याळाच्या काचेतच कडेने एक बारीक खाच कोरलेली असते. तिचे एक तोंड उघडे, दुसरे बंद. खाली जाऊ लागले की पाणी तोंडातून आत शिरते आणि आतली हवा दाबत नेते. पाणी आणि हवा यांची सीमा जिथे दिसते, तिथला आकडा वाचायचा. शाळेत शिकलेला बॉइलचा नियम तो हाच : दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. यात ना चाक, ना स्प्रिंग, ना बॅटरी. बिघडण्यासारखे फारसे काही नाही.

मग ही मोजणी अचूक असते का?

खाचेच्या पद्धतीची मर्यादा बॉइलच्या नियमातच आहे. १० मीटरवर खाचेतील हवा निम्मी उरते, २० मीटरवर एक तृतीयांश, ३० मीटरवर एक चतुर्थांश आणि ४० मीटरवर एक पंचमांश. म्हणजे पहिल्या १० मीटरसाठी मोजपट्टीची अर्धी लांबी मिळते. ३० ते ४० मीटरच्या टप्प्याला मात्र जेमतेम पाच टक्के लांबी. वरच्या पाण्यात हे घड्याळ छान वाचता येते. जिथे चूक महागात पडते त्या खोल पाण्यात आकडे एकमेकांना खेटून बसतात. शिवाय खाचेत वाळू, गाळ किंवा मीठ अडकले तर मोजणी बिघडते. त्यामुळे प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने ती स्वच्छ करावी लागते.

पडद्याच्या घड्याळात मोजपट्टी अधिक समान असते. मात्र पडदा, तरफा आणि चाके यांची नियमित तपासणी आवश्यक ठरते आणि ती बहुतेक वेळा कंपनीच्या सेवा केंद्रातच होऊ शकते.

नाशिकमध्ये हा हिशोब का बदलतो?

ही घड्याळे साधारणपणे समुद्रसपाटी आणि खारे पाणी गृहीत धरून आखलेली असतात. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्के कमी असतो. शिवाय गोदावरीचे पाणी गोडे. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच ते तीन टक्के हलके.

समजा, गंगापूर धरणाच्या पाण्यात बरोबर २० मीटर खोलीवर दोन घड्याळे नेली. खाचेचे घड्याळ सुमारे २१ मीटर दाखवेल, कारण मुळात खाचेत शिरलेली हवाच विरळ होती आणि ती लवकर दबली. समुद्रसपाटीला शून्यावर बसवलेले पडद्याचे घड्याळ मात्र १९ मीटरच्याही किंचित खाली दाखवेल. एकाच ठिकाणी, एकाच वेळी दोन महागडी घड्याळे दोन मीटरहून अधिक फरक दाखवतील आणि दोन्ही आपापल्या जागी ‘बरोबर’ असतील. हे उदाहरण हिशोबापुरतेच. धरणात किंवा गोदापात्रात हौसेने उतरणे जिवावर बेतू शकते. गाळ, प्रवाह आणि पाण्यातील अडथळे यांपुढे कोणतेही घड्याळ उपयोगाचे नाही.

दोन-तीन मीटरच्या चुकीने काय बिघडते?

खोलीवर दाबाखालची हवा श्वासात घेतली की रक्तात आणि ऊतींमध्ये नायट्रोजन विरघळतो. डायव्हर झपाट्याने वर आला, तर बाटली उघडल्यावर सोड्याला फेस यावा तसे त्याचे बुडबुडे तयार होऊ शकतात. सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०८ मध्ये यावर उपाय म्हणून टप्प्याटप्प्याने वर येण्याचे कोष्टक मांडले. आजही हौशी डायव्हिंगचे नियम त्याच विचारावर उभे आहेत.

‘पाडी’ या प्रशिक्षण संस्थेच्या कोष्टकानुसार वाटेत न थांबता थेट वर येता यावे यासाठी १८ मीटरवर जास्तीत जास्त ५६ मिनिटे राहता येते. २० मीटरवर ही मर्यादा ४५ मिनिटे, २२ मीटरवर ३७, ३० मीटरवर २० आणि ४० मीटरवर अवघी ९ मिनिटे. म्हणजे १८ आणि २० मीटर यांतील दोन मीटरचा फरक ११ मिनिटांचा आहे. घड्याळ खोली कमी दाखवत असेल, तर डायव्हर स्वतःच्या नकळत मर्यादा ओलांडतो.

डाइव्ह कॉम्प्युटर असताना घड्याळ कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. १९८० च्या दशकापासून मनगटावरचे डाइव्ह कॉम्प्युटर आले आणि त्यांनी चित्र पालटले. ते दर काही सेकंदांनी दाब मोजतात, शरीरात किती नायट्रोजन साठला असेल याचा सतत अंदाज घेतात, किती मिनिटे उरली ते सांगतात आणि वर येण्याचा वेग वाढला तर इशारा देतात. यांत्रिक घड्याळ फक्त खोली आणि वेळ दाखवते. त्यातून निष्कर्ष काढण्याचे काम डायव्हरलाच करावे लागते. साध्या डाइव्ह कॉम्प्युटरची किंमतही या घड्याळांच्या तुलनेत अगदी थोडी असते.

२०२२ मध्ये भारतात ८९,९०० रुपयांना आलेल्या ‘अ‍ॅपल वॉच अल्ट्रा’मध्येही ४० मीटरपर्यंत खोली मोजण्याची सोय आहे आणि ती खोलीमापकांसाठीच्या ‘ईएन १३३१९’ या युरोपीय मानकाला धरून आहे. योग्य अ‍ॅप घेतल्यास ते डाइव्ह कॉम्प्युटरसारखे वापरता येते.

यांत्रिक घड्याळाच्या बाजूने एकच व्यावहारिक मुद्दा उरतो : बॅटरी संपली किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरण बंद पडले, तर हाताशी दुसरा पर्याय असावा. अनुभवी डायव्हर याच कारणासाठी ते वापरतात. मात्र त्यासाठी कोष्टके पाठ असावी लागतात. ती येत नसतील, तर खोलीचा काटा हा केवळ दागिना ठरतो.

मालवणच्या एका डुबकीसाठी याची गरज आहे का?

मालवण-तारकर्लीत पर्यटकांसाठी होणारी डुबकी काही मीटरचीच असते आणि प्रशिक्षक पूर्ण वेळ पर्यटकाला धरून असतो. तेथे खोलीमापकाची काहीही गरज नाही. प्रशिक्षण न घेतलेल्यांसाठी ‘पाडी’च्या ओळख-डुबकीची मर्यादाही १२ मीटर आहे. त्यापुढे जायचे तर ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रम करावा लागतो. त्यानंतर १८ मीटरपर्यंत आणि पुढील प्रशिक्षणानंतर ३० मीटरपर्यंत जाता येते. हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर मानली जाते. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही युद्धनौका समुद्रतळी ठेवून डायव्हिंगचे नवे ठिकाण विकसित करण्याचा प्रकल्पही राज्याने हाती घेतला आहे. त्यामुळे खरी आवड असलेल्यांना राज्यातच शिकण्याची संधी आहे.

नाशिककरांनी घड्याळापेक्षा अधिक लक्ष द्यावे अशी एक गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे परतीचा प्रवास. डायव्हिंगनंतर विमानप्रवासासाठी किमान १२ तास, आणि एकाहून अधिक डुबक्या घेतल्या असल्यास १८ तास थांबावे, असा सर्वमान्य संकेत आहे. साधारण ६०० मीटरच्या वर गाडीने चढतानाही तोच विचार करायला सांगितले जाते, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. सकाळी १५-२० मीटरच्या दोन डुबक्या घेऊन दुपारी आंबोलीचा घाट चढणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. महामार्गाने कोकणातून आले तरी शेवटी कसारा घाट चढून इगतपुरी गाठावीच लागते. काही मीटरच्या पर्यटन-डुबकीत हा धोका अगदी कमी असतो. प्रशिक्षित डायव्हर म्हणून खोल जाणाऱ्यांनी मात्र शेवटच्या डुबकीनंतर एक मुक्काम किनाऱ्यावर करणे उत्तम.

घ्यायचेच ठरवले तर काय पाहावे?

पहिली बाब कागदपत्रांची. दोन लाख रुपयांपेक्षा अधिकच्या खरेदीसाठी पॅन द्यावा लागतो आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास विक्रेत्याला कायद्याने मनाई आहे. घड्याळावर १८ टक्के जीएसटी असतो. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांपेक्षा महागड्या मनगटी घड्याळावर एक टक्का टीसीएसही आकारला जातो. हा वेगळा कर नव्हे. प्राप्तिकर विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. ‘बिल नको, थोडे कमी करतो’ हा प्रस्ताव येथे महागात पडतो, कारण बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड नसेल तर पुढे ना सेवा मिळते, ना पुनर्विक्रीची किंमत. परदेशातून आणल्यास शुल्कमुक्त मर्यादेपलीकडच्या किमतीवर सीमाशुल्क भरावे लागते. मनगटावर बांधून आणले म्हणून ते चुकत नाही.

दुसरी बाब देखभालीची. यांत्रिक घड्याळाची साधारण पाच वर्षांनी सर्व्हिसिंग करावी लागते. प्रत्यक्ष डायव्हिंगसाठी वापरायचे असेल, तर रबरी सील आणि दाबचाचणी दर वर्षी व्हायला हवी. पेठेतला कुशल कारागीर घड्याळ चालू करून देईल. पण झाकण उघडून पुन्हा बसवल्यानंतर दाबचाचणीचे यंत्र त्याच्याकडे नसेल, तर ते घड्याळ पाण्यात नेऊ नये. जवळचे अधिकृत सेवा केंद्र कोठे आहे आणि खोलीमापकाची दुरुस्ती भारतात होते की घड्याळ परदेशी पाठवावे लागते, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

तिसरी बाब जुन्या घड्याळांची. जुने ‘बॅथी’ संग्राहकांसाठी मोलाचे असले, तरी साठ वर्षांच्या आसपास वय झालेल्या पडद्यावर पाण्याखाली भरवसा ठेवता येत नाही. बाजारात ‘सी किंग’, ‘सी चीफ’ नावाची, नवी रंगवलेली तबकडी आणि वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून चकचकीत केलेली घड्याळेही विकली जातात. नावात ‘सी’ असले तरी ती डायव्ह वॉच नव्हेत.

मग निर्णय कसा करावा?

खरेदीदाराने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. डायव्हिंगचे प्रमाणपत्र आहे का? वर्षातून किमान काही दिवस समुद्रात जाणे होते का? डाइव्ह कॉम्प्युटर आधीच आहे का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील, तर खोली दाखवणारे यांत्रिक घड्याळ हा हौसेचा आणि अडचणीच्या वेळी कामाला येणारा दुसरा आधार ठरू शकतो. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी अभ्यासक्रम, मग कॉम्प्युटर आणि शेवटी घड्याळ हाच क्रम योग्य.

यंत्राची कारागिरी आवडते म्हणूनच ते घ्यायचे असेल, तर त्यातही वावगे काही नाही. मात्र त्या वेळी ते सुरक्षेचे साधन म्हणून नव्हे, तर आवडीची वस्तू म्हणून घेत आहोत, एवढी स्पष्टता हवी. तसेच त्याची किंमत पुढे वाढेल, हे गृहीत धरून तर मुळीच घेऊ नये. आणि घरच्या कपाटात आजोबांचे ‘फेवर ल्युबा’ असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे. ते पाण्यात नेता येणार नाही; पण खोली मोजणाऱ्या घड्याळाची गोष्ट ज्या घराण्यातून सुरू झाली, त्याचाच तो एक तुकडा आहे.